मूळ गाणे आणि त्याचे कव्हर : ऐकून तुलना करू पाहणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात शाहू स्मारक भवनातील गीतांचे कार्यक्रम, गणेशोत्सवातील वाद्यवृंद आणि गल्लोगल्ली सुरू झालेले कराओके गट यांमुळे जुनी मराठी गाणी वर्षभर नव्या गळ्यांतून ऐकायला मिळतात, आणि कार्यक्रम संपवून बाहेर पडणाऱ्या श्रोत्यांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : ‘छान गायले, पण ओरिजनलची सर नाही.’ हे वाक्य पुष्कळदा खरे असते. मात्र सर नेमकी कशात नाही, असे विचारले की उत्तर ‘आवाजात’ या एका शब्दावर थांबते आणि तुलना सुरू होण्याआधीच संपते. गाणाऱ्यालाही त्यातून काही मिळत नाही, कारण लता मंगेशकरांचा किंवा सुधीर फडके यांचा आवाज कोणी कोठून आणावा?

गाणे हे एका माणसाचे काम नसते. कवीने शब्द दिलेले असतात, संगीतकाराने चाल बांधलेली असते, संयोजकाने वाद्यमेळ रचलेला असतो, गायकाने या सर्वांवर आपला गळा चढवलेला असतो आणि ज्या यंत्राने ते टिपले त्या यंत्रानेही त्यात आपली भर किंवा घट केलेली असते. कव्हरमध्ये, म्हणजे तेच गाणे दुसऱ्या कोणी गायल्यावर, काही वेगळे जाणवले, तर तो बदल या पाचांपैकी कोणाच्या हातून झाला, हे ओळखणे म्हणजे तुलना. बरे-वाईट ठरवण्याचे काम त्यानंतरचे. हा क्रम ज्यांना मुळापासून शिकायचा आहे, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या दिल्या आहेत. त्यासाठी संगीताचे शिक्षण लागत नाही. थोडा निवांतपणा, एक वही आणि शक्य असल्यास घरात एखादी पेटी पुरेशी आहे.

पायरी पहिली : गाणे निवडावे

सुरुवातीला असे गाणे घ्यावे, जे मूळ स्वरूपात आपल्याला तोंडपाठ आहे आणि ज्याची निदान दोन कव्हर सहज मिळतात. भावगीत यासाठी सर्वांत सोयीचे, कारण त्यात ध्रुवपद आणि कडवी यांची मांडणी ठरलेली असते, मधले संगीतखंड बांधलेले असतात आणि गायकाला आयत्या वेळी सुचेल ते करण्याची फारशी मोकळीक नसते. कवी बी यांची कविता, वसंत प्रभू यांची चाल आणि लता मंगेशकर यांचा स्वर असलेले ‘चाफा बोलेना’ हे या दृष्टीने उत्तम गाणे आहे. नाट्यपद आणि मैफलीत रंगणारा अभंग नवख्याने आरंभी बाजूला ठेवावा. तेथे प्रत्येक गायनागणिक गाणे नव्याने घडत असते आणि कशाची तुलना कशाशी करायची, हेच समजेनासे होते.

कव्हर दोन घ्यावीत, असे मी आग्रहाने सांगतो. एकच कव्हर असले की मन लगेच दोन बाजू पाडते आणि एका बाजूला उभे राहते. दोन असली की एक उपयोगी गोष्ट दिसू लागते : दोन वेगवेगळे गायक गाण्याच्या एकाच ठिकाणी मूळ वाट सोडत असतील, तर ते ठिकाण एक तर अवघड आहे, नाही तर मूळ गायकाच्या गळ्यासाठीच बांधलेले आहे. अशा ठिकाणी पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

पायरी दुसरी : मूळ कोणते, हे आधी ठरवावे

ही पायरी सर्वांत अधिक वेळ खाते आणि बहुतेक जण तीच गाळतात. मूळ गाणे म्हणजे जे आपण लहानपणी ऐकले ते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तसे असेलच असे नाही.

गीतरामायणाचे उदाहरण घ्यावे. ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडा प्रसारित झाली. चाली कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडके यांच्या होत्या, पण आकाशवाणीवर ती सर्व त्यांनी एकट्याने गायली नव्हती. प्रसंगातील व्यक्तीनुसार निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायली होती आणि त्यांत माणिक वर्मा यांच्यासारख्या श्रेष्ठ गायिका होत्या. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडके यांनी, सर्व गीते स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केली, गावोगावी त्यांचे कार्यक्रम केले, आणि आज घरोघरी ‘मूळ’ म्हणून ऐकली जातात ती हीच त्यांच्या आवाजातील गीते. आता एखाद्या मुलीने ‘राम जन्मला ग सखी’ गायले, तर तिची तुलना कोणाशी करायची? स्त्रियांच्या तोंडचे ते गीत आकाशवाणीवर स्त्रियांच्याच आवाजात आले होते. तिचे गाणे बाबूजींच्या गाण्यापासून वेगळे वाटले, म्हणून ते मुळापासून दूर गेले, असे म्हणता येत नाही.

नाट्यपदांत हा प्रश्न आणखी मागे जातो. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके कोणी पाहिली असतील, तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या आधीच्या पदाचे किंवा चिजेचे (रागातील बंदिशीचे) पहिले शब्द दिलेले त्यांना आठवतील. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो, ते पदच दुसऱ्या एका गाण्याच्या साच्यात ओतलेले असे, आणि नाटककार ते उघडपणे छापत असे. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी १९११ च्या ‘मानापमान’साठी दिलेल्या चालींमागेही त्यांनी ऐकलेल्या ठुमऱ्या आणि चिजा होत्या. त्यामुळे त्यांचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. उलट, मराठी रंगभूमीवर जुन्याचे नवे करणे ही मान्यताप्राप्त कला होती, हे कव्हरकडे नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

अभंगांच्या बाबतीत वेगळी दक्षता घ्यावी लागते. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ हा नामदेवांचा अभंग बहुतेक सर्वजण राम फाटक यांच्या चालीत गातात, जी पंडित भीमसेन जोशी यांनी घराघरांत पोहोचवली. एखाद्या गायकाने तोच अभंग दुसऱ्या चालीत गायला, तर ते त्या गाण्याचे कव्हर नव्हे. ती नवी रचना आहे आणि तिची तुलना चालीशी चाल अशीच व्हायला हवी, गळ्याशी गळा अशी नव्हे. शब्द सारखे असले म्हणजे गाणे सारखे झाले, असे होत नाही.

शेवटी, मूळ गायकाचीच अनेक रूपे असतात. ‘इंद्रायणी काठी’ हे गाणे १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटात पु. ल. देशपांडे यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली भीमसेनजींनी गायले. चित्रपटाच्या मापाने ते आटोपशीर आहे. पुढे संतवाणीच्या मैफलींत हेच गाणे ते विस्ताराने गात, विठ्ठलनामाशी रेंगाळत, आलाप आणि ताना घेत. आजचे बहुतेक तरुण गायक ज्याची नक्कल करतात, ती या मैफलीतल्या गाण्याची असते. त्यांच्या गायनाला चित्रपटातील गाण्याशेजारी ठेवून ‘फार पसारा केला’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहावे : मूळ म्हणून कोणते ध्वनिमुद्रण धरले, ते चित्रपटातील की तबकडीवरचे, आकाशवाणीचे की मैफलीतले.

पायरी तिसरी : स्वच्छ प्रत मिळवावी आणि यंत्राचे हिशेब आधी मिटवावेत

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. या एका मर्यादेने मराठी गाण्याचा घाट ठरवला. बालगंधर्व ‘स्वयंवर’ नाटकातील ‘नाथ हा माझा’ रंगमंचावर वन्समोअर घेत कितीही वेळ फुलवत असले, तरी तबकडीवर त्यांना ते तेवढ्या वेळात बसवावे लागे. चित्रपटगीतांतही पडद्यावरचे एखादे कडवे तबकडीवर गाळलेले आढळते. म्हणून आजच्या सहा मिनिटांच्या कव्हरशेजारी जुने गाणे घाईत गेल्यासारखे वाटले, तर तो दोष गायकाच्या माथी मारू नये. १९२५ च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आणि माइक येण्यापूर्वीच्या तबकड्या तर कर्ण्यात तोंड घालून, मोठ्याने गाऊन केलेल्या आहेत. त्यांत हळुवारपणा शोधणे व्यर्थ आहे.

पट्टीची, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कोणत्या स्वरावर धरला आहे याची, गफलत याहून वारंवार होते. तबकडी किंवा कॅसेट मूळ वेगापेक्षा सुमारे सहा टक्के जोरात फिरली, तर गाणे पेटीवरच्या एका पट्टीने चढते, म्हणजे काळी चारमधले गाणे पांढरी सहामध्ये ऐकू येते, आवाज किंचित बारीक होतो आणि लयही वाढते. इंटरनेटवर चढवलेल्या जुन्या गाण्यांत असे हमखास आढळते. काही जण तर मुद्दाम वेग बदलून गाणे चढवतात. त्यामुळे एकच प्रत ऐकून मूळ गायिकेची पट्टी ठरवू नये. ज्या कंपनीची ती तबकडी होती, तिने स्वतः काढलेली प्रत मिळाल्यास ती प्रमाण धरावी. गायक-संगीतकारांची नावे मात्र फोनवर दिसतात तशी उतरवून घेऊ नयेत, कारण तेथे चुकीच्या नावांचा सुळसुळाट आहे. जुन्या तबकडीचे पाकीट, चित्रपटाची श्रेयनामावली किंवा करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयातील पुस्तके यांवर पडताळून घ्यावीत.

ऐकण्यासाठी फोनचा स्पीकर वापरू नये. त्यात डग्ग्याचा घुमारा आणि इतर वाद्यांचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. साधे हेडफोनही चालतील, फक्त मूळ आणि कव्हर दोन्ही एकाच साधनावर, एकाच आवाजाच्या पातळीवर ऐकावीत. जे जरा मोठ्याने वाजते ते आपल्या कानाला अधिक चांगले वाटते, ही फसगत टाळण्याचा दुसरा मार्ग नाही.

पायरी चौथी : कव्हर आधी ऐकावे

नवख्याला हा क्रम उलटा वाटेल. पण मूळ गाणे आपल्या डोक्यात आधीपासूनच वाजत असते, त्यामुळे कव्हर ऐकताना कोठे काय खटकले, ते मनाला आपोआप कळते. एक दिवस फक्त कव्हर ऐकावे आणि जेथे जेथे ‘येथे काहीतरी हवे होते’ असे वाटेल, तेथील शब्द वहीत लिहून ठेवावा. दुसऱ्या दिवशी मूळ गाणे लावून ती प्रत्येक जागा तपासावी. जी हरकत आपल्याला हवीहवीशी वाटत होती, ती मूळ ध्वनिमुद्रणात नसतेच, असे अनेकदा आढळते. ती त्याच गायकाच्या पुढल्या एखाद्या कार्यक्रमातून किंवा आपल्या घरातील कोणाच्या गुणगुणण्यातून स्मरणात येऊन बसलेली असते. ही शहानिशा केल्यावाचून केलेली तुलना ही आपल्या आठवणीशी केलेली तुलना असते.

पायरी पाचवी : पट्टी आणि लय मोजावी

मोजण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत आणि त्या लवकर उरकाव्यात. पेटीवर किंवा फोनमधील तानपुऱ्यावर गाण्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, शोधून पट्टी लिहावी. लय मोजण्यासाठी घड्याळ लावून पंधरा सेकंदांत किती मात्रा पडतात, त्या मोजून चौपट कराव्यात. मूळ गाणे दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांत असेल, तर कव्हरही त्यातच आहे ना, की ते केरव्याच्या आठ मात्रांत नेले आहे, हेही पाहावे. ताल बदलला की शब्दांवरचे वजन बदलते आणि सगळी चाल हलते.

पट्टी बदलणे हा दोष नाही. पुरुषाने स्त्रीचे गाणे गायचे, तर पट्टी उतरवावीच लागते. पाहायचे ते एवढेच की, पट्टी उतरवल्यावर अंतऱ्यातला तार सप्तकातील स्वर जसा मुळात ताणून, जिवाच्या आकांताने लागतो तसा राहिला, की सहज लागल्यामुळे त्याची धार गेली. ‘शुक्रतारा मंद वारा’सारख्या युगुलगीतात तर अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा या दोन्ही आवाजांना पेलेल अशी एकच पट्टी शोधावी लागली असणार, कारण पुरुषाची आणि स्त्रीची सोयीची पट्टी सहसा एक नसते. श्रीनिवास खळे यांच्या त्या चालीत दोघांमधला संवाद हाच गाभा आहे. कराओकेवर एकाच व्यक्तीने ते सगळे गायले, तर स्वर अचूक असूनही गाणे अर्धे राहते, हे वहीत लिहिण्याजोगे निरीक्षण आहे.

पायरी सहावी : शब्द कसे टाकले, ते ऐकावे

येथे थोडे थांबावे, कारण कोल्हापूरच्या श्रोत्याचा कान या बाबतीत इतरांपेक्षा तयार असतो. १९६५ चा ‘साधी माणसं’ हा भालजी पेंढारकरांचा चित्रपट; त्यातील ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे गाणे जगदीश खेबुडकरांचे, चाल आनंदघन या नावाने स्वतः लता मंगेशकर यांची आणि आवाजही त्यांचाच. म्हणजे संगीतकार आणि गायिका येथे एकच आहे, त्यामुळे चालीचा निर्णय कोणाचा आणि गळ्याचा कोणाचा, हे वेगळे काढणे कठीण, आणि म्हणूनच हे गाणे अभ्यासाला फार चांगले. ते भट्टीवर काम करणाऱ्या लोहार जोडप्याचे गाणे आहे आणि त्याची भाषा आपल्या भागातील कष्टकऱ्यांची आहे. लताबाई ‘ऱ्हाऊ दे’ म्हणतात, ‘वाघावानी’ म्हणतात, आणि ते इतके सहज म्हणतात की कोठे ग्रामीण सोंग आणल्याचा भास होत नाही.

आता कव्हर ऐकताना दोन गोष्टी पाहाव्यात. काही गायिका या शब्दांना प्रमाण भाषेची इस्त्री करतात, त्यामुळे देवाला घातलेले गाऱ्हाणे एकदम पाठ्यपुस्तकातले वाटू लागते. दुसऱ्या काही जणी उलट टोकाला जातात आणि ‘ऱ्हाऊ’वर इतका जोर देतात की शब्द नाटकी होतो. मूळ गाण्यात तो शब्द आल्या-गेल्यासारखा येतो आणि सगळे वजन त्यामागच्या विनवणीवर असते. हा फरक आवाजाच्या दर्जाचा नाही. कोणत्या शब्दावर किती भार टाकायचा, याच्या निवडीचा आहे, आणि ही निवड कोणतीही मेहनती गायिका सुधारू शकते.

श्वास कोठे घेतला, हेही याच पायरीवर नोंदवावे. एका ओळीत मूळ गायिकेने जेथे श्वास घेतला आहे, तेथे बहुधा अर्थ पुरा होतो. दम कमी पडल्यामुळे कव्हर गाणाऱ्याने शब्दाच्या मध्येच श्वास घेतला, तर अर्थाचे दोन तुकडे होतात. हेडफोनवर श्वासाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आजच्या मुद्रणात मात्र तो पुष्कळदा पुसून टाकलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

पायरी सातवी : जागा शोधाव्यात

गाणारी मंडळी ज्याला ‘जागा’ म्हणतात, त्या म्हणजे ओळीच्या आत येणाऱ्या बारीक हरकती, मुरक्या, मींड आणि खटके. एका वेळी एकच ओळ घ्यावी. ती मूळ गाण्यात ऐकून आपण स्वतः गुणगुणावी, मग कव्हरमध्ये ऐकावी. गाता येत नसले तरी चालेल. बोटाने हवेत स्वरांची चढउतार काढली, तरी कोठे वळण आहे ते समजते. हृदयनाथ मंगेशकर यांच्या ‘जिवलगा राहिले रे दूर घर माझे’सारख्या चालीत ही वळणे चालीचाच भाग आहेत, आशा भोसले यांनी ती आपल्या मनाने सजवलेली नाहीत. अशा गाण्यात जागा गाळली, तर चालच गाळल्यासारखे होते. वसंत प्रभूंच्या सरळ चालीत मात्र गायकाने एखादी हरकत कमी-जास्त केली, तर चालीला धक्का लागत नाही. कोणत्या संगीतकाराकडे काय चालते, याचा अंदाज दहा-बारा गाणी अशी ओळीओळीने ऐकल्यावर येतो, त्याआधी येत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की, सर्व जागा हुबेहूब घेणारे कव्हर सर्वांत कमी उपयोगाचे असते. त्यातून गाणाऱ्याची तयारी कळते आणि त्या तयारीला दाद द्यावीच. पण गाण्याबद्दल नवे काही कळत नाही. ज्याने एखादी जागा सोडली, तिच्याऐवजी आपली ठेवली आणि तरीही ओळीचा अर्थ अधिक उजळ केला, त्याचे गाणे पुन्हा ऐकावेसे वाटते. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील वसंतराव देशपांडे यांची गायकी आणि त्यावरील २०१५ च्या चित्रपटात त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी खाँसाहेब या पात्रासाठी दिलेला आवाज, ही दोन्ही शेजारी ठेवून ऐकावीत. आजोबांचा संस्कार तर प्रत्येक ओळीत आहे, पण रंगमंचावरच्या गायनातील मोकळीक एकीकडे आणि चित्रपटाच्या प्रसंगाने घातलेले बंधन दुसरीकडे, असा फरक हळूहळू कानावर येतो.

पायरी आठवी : वाद्यमेळ

बाबूजींच्या किंवा वसंत प्रभूंच्या काळात गायक आणि वादक एकाच खोलीत, मोजक्या माइकांसमोर, एकत्र वाजवत-गात असत. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून करायचे. त्यामुळे लय गायकाच्या श्वासाबरोबर किंचित पुढे-मागे होते आणि गाणे जिवंत वाटते. आज तबला एकीकडे, बासरी दुसरीकडे आणि आवाज तिसऱ्या दिवशी, असे वेगवेगळे टिपून एकत्र जोडतात आणि मागे ठरलेल्या वेगाची टिकटिक चालू असते. कव्हर ‘यांत्रिक’ वाटले, तर कारण गळ्यात शोधण्याआधी येथे शोधावे. प्रभात कंपनीने १९३२ मध्ये येथे कोल्हापुरात केलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटात तर पार्श्वगायन हा प्रकारच नव्हता; गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता गात होते. त्या गाण्यांशी स्टुडिओतल्या कव्हरची स्वराच्या अचूकतेवरून तुलना करणे कोणालाच न्याय देणारे नाही.

लावणीत वाद्याचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. सुलोचना चव्हाण यांच्या ‘सोळावं वरीस धोक्याचं’मधला ठसका हा गळा आणि ढोलकी यांच्या जुगलबंदीतून येतो, गायिका शब्द फेकते आणि ढोलकी तो झेलते. वाद्यवृंदात ढोलकीच्या जागी ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य आले की थाप वेळेवर पडते, पण बोटांनी निघणारा घुमारा जातो आणि गायिकेला झेलणारे कोणी राहत नाही. अशा वेळी ती बिचारी ठसका दुपटीने आणू लागते आणि आपण म्हणतो, ही ओरडते. तेव्हा गायिकेला दोष देण्यापूर्वी ढोलकी खरी आहे का, ते पाहावे.

पायरी नववी : आता मत द्यावे

मत लिहिताना प्रत्येक विधानाशेजारी गाण्यातले ठिकाण असावे. ‘भाव कमी आहे’ असे न लिहिता पुढीलप्रमाणे लिहावे : ‘दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ. मूळ गाण्यात शेवटचे अक्षर धरून ठेवून आवाज हळूहळू बारीक केला आहे. कव्हरमध्ये ते अक्षर लवकर सोडले, कारण मागचा कराओके ट्रॅक वेगवान आहे आणि पुढचा संगीतखंड लगेच येतो. बदल संयोजनाचा, गायिकेला जागाच मिळालेली नाही.’ असे चार परिच्छेद लिहिले, तरी ते कोणत्याही गाणाऱ्याच्या हातात निःसंकोच देता येतात.

ज्यांना स्वतः कव्हर करून प्रसिद्ध करायचे आहे, त्यांनी कायद्याची बाजूही पाहावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षे होईपर्यंत त्याचे कव्हर काढता येत नाही, त्यानंतरही आगाऊ सूचना आणि मानधन द्यावे लागते आणि हे मूळ गायकाचेच गाणे आहे, असा गैरसमज होईल अशा रीतीने ते विकता येत नाही. शब्द आणि चाल यांत मनमानी बदल करण्यासही या तरतुदीत वाव नाही.

एक भावगीत या सर्व पायऱ्यांनी पुरे झाले की लगेच दुसरे भावगीत घेऊ नये. दुसऱ्या फेरीला लावणी घ्यावी, म्हणजे ताल आणि शब्दफेक यांकडे कान वळेल. तिसऱ्या फेरीला अभंग आणि त्याच्या दोन निरनिराळ्या चाली. आणि त्यानंतर नाट्यपद. नाट्यपदापर्यंत आलात की कोल्हापुरातील देवल क्लबसारख्या, १८८३ पासून चालत आलेल्या संगीत संस्थेच्या मैफलीला जाऊन बसावे आणि तेथे गायल्या गेलेल्या पदाची नोंद घरी येऊन त्याच रात्री करावी, कारण मैफलीची प्रत नंतर मिळत नाही.